चारशे डॉलरच्या आतलं पहिलं पिस्तूल

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

«दादा, आम्ही प्लॅनोला राहतो. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. नवरा कामासाठी आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी असतो. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत एका घराचं दार भरदुपारी लाथ मारून फोडलं आणि चोरी झाली. घरात कोणी नव्हतं, पण तेव्हापासून रात्री माझा डोळा लागत नाही. पिस्तूल घ्यायचं ठरवलंय. सगळं मिळून सहाशे डॉलर बाजूला काढलेत, त्यातले चारशेच्या वर पिस्तुलात घालायचे नाहीत. ह्यांचं म्हणणं, घ्यायचं तर ग्लॉक १९, नाहीतर नकोच. दुकानदाराने तळहातावर मावेल एवढं छोटं पिस्तूल दाखवलं आणि ‘लेडीजसाठी हेच बरं’ म्हणाला. मैत्रिणीकडे टॉरस जी३सी आहे, ते पावणेतीनशेत मिळतं. माझे हात लहान आहेत. एका पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मला मागे ओढताच आली नाही. मुलं १३ आणि ९ वर्षांची. धाकटे दीर एच-१बीवर आहेत, आमच्याकडेच राहतात. ते म्हणतात, अर्धे पैसे मी देतो, दोघांत एक घेऊ. डिसेंबरात सांगलीला जाऊन सासूबाईंना सहा महिन्यांसाठी घेऊन यायचंय. स्वस्त, पण ऐनवेळी अडकणार नाही असं कोणतं घेऊ?»
— अ. कु., प्लॅनो, टेक्सास

अ. कु. ताई,

पिस्तुलांच्या नावांकडे येतोच, पण आधी दिरांचा विषय मिटवू. त्यांच्याकडून एक डॉलरही घेऊ नका. एच-१बी, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सवलत आहे, पण ती दिरांनी स्वतः, वकिलाला विचारून, स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायची. तुमच्या खरेदीत त्यांचा वाटा नको. दुकानात तुम्ही ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भराल, त्यावर ‘खरी खरेदीदार मीच’ असं सही करून सांगायचं असतं. मनाई असलेल्या माणसासाठी आपल्या नावावर शस्त्र घेतलं तर २०२२च्या कायद्याप्रमाणे १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय तुम्ही अजून नागरिक झालेल्या नाहीत. ग्रीन कार्ड असलेल्या माणसावर बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला, तर देशाबाहेर काढायला तेवढं एक कारण पुरतं. घरच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं हे मला कळतं. तरी हे आजच्या आजच सांगून टाका.

तुम्हाला स्वतःला मात्र कायद्याची अडचण नाही. ग्रीन कार्ड आहे, वय २१च्या पुढे आहे, टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स आहे. लायसन्सवरचा पत्ता सध्याचाच आहे ना, तेवढं बघून घ्या. घर बदलून पत्ता न बदललेल्या कितीतरी लोकांना दुकानातून परत जावं लागतं. कार्डावरचा ‘ए’ नंबर फॉर्मवर लिहावा लागेल. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तुमची पार्श्वभूमी तपासतो. बहुतेकांचं काम काही मिनिटांत होतं. नावसाधर्म्यामुळे ‘डिलेड’ असं उत्तर आलं तर घाबरू नका. थोडे दिवस थांबावं लागतं, एवढंच. टेक्सासात घरात पिस्तूल ठेवायला वेगळा परवाना लागत नाही.

आणखी एक काम पिस्तुलाआधीचं. शेजारची चोरी दुपारी, रिकाम्या घरात झाली. तुमचं घर रिकामं असताना पिस्तूल तुमचं रक्षण करणार नाही, उलट चोराच्या हाती लागेल आणि पुढे कुठे वापरलं जाईल ते सांगता येत नाही. म्हणून या शनिवारी दाराच्या चौकटीतली, कडीच्या पट्टीची छोटी स्क्रू काढून तिथे तीन इंची स्क्रू लावून घ्या. इथल्या चौकटी वरवरच्या पातळ लाकडाच्या असतात आणि लाथेने पहिल्यांदा तीच पट्टी उखडते. लांब स्क्रू आतल्या जाड लाकडापर्यंत पोचते. खर्च पाच डॉलर. मागच्या अंगणात हालचालीवर लागणारा दिवा लावा. रात्री झोप लागायला याचाही उपयोग होईल.

आता पिस्तूल. मी नवशिक्यांना नेमबाजीच्या रेंजवर शिकवतो आणि पहिल्या दिवशी पिस्तूल उघडून ते चालतं कसं हे दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. गोळी सुटते त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाता जाता ती मॅगझिनमधली, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीतली, पुढची गोळी नळीत भरते. चाप दर वेळी नव्याने ओढावा लागतो, बाकी सगळं आपोआप होतं. यातून जी गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी ती अशी: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी नळीतच असते. घरात झालेल्या कितीतरी अपघातांमागे एवढंच कारण असतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, मग नळीत डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. दर वेळी, ह्याच क्रमाने.

अडकणं म्हणजे या फेऱ्यातली एखादी पायरी चुकणं. महाग पिस्तूल अडकत नाही आणि स्वस्त अडकतं, असा पुष्कळांचा समज आहे. तो आता फारसा खरा नाही. नावाजलेल्या कंपनीचं तीनशे डॉलरचं ९ एमएम (गोळीची जाडी) पिस्तूल आज शेकडो गोळ्या कुरकुर न करता झाडतं. अडकलंच तर दोष बहुधा खराब मॅगझिनचा, नाहीतर हलक्या प्रतीच्या गोळ्यांचा, नाहीतर सैल मनगटाचा असतो. मनगट सैल असलं की पिस्तूल सगळंच्या सगळं मागे जातं, स्लाइडला पूर्ण फेरा करायला आधार मिळत नाही आणि पुंगळी मध्येच अडकते. नवशिकी माणसं मग पिस्तुलाला बोल लावतात.

तुमच्या ह्यांचं ग्लॉकचं म्हणणं चुकीचं नाही. १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने ग्लॉक १७ घेतलं, १९८८मध्ये त्याची थोडी आखूड आवृत्ती म्हणून १९ आलं, आणि तेव्हापासून जगभरच्या पोलिसांच्या कमरेला ते दिसतं. सुटे भाग कुठेही मिळतात, विकायला गेलात तर किंमत येते. पण साडेपाचशे डॉलर तिथेच गेले की तुमच्याकडे शिकायला, गोळ्यांना आणि तिजोरीला काही उरत नाही. न शिकलेल्या माणसाच्या हातातलं ग्लॉक आणि वर्ग करून दोनशे-तीनशे गोळ्या झाडलेल्या माणसाच्या हातातलं तीनशेचं पिस्तूल, यांत मी दुसऱ्यावर भरवसा ठेवीन. ह्यांना हे असंच सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

दुकानदाराने दाखवलेलं छोटं पिस्तूल घेऊ नका. स्त्रियांना तेच हातात देण्याची सवय या धंद्यात आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. पिस्तूल जितकं हलकं आणि आखूड, तितका धक्का हाताला जास्त बसतो, नेम साधायची दोन टोकं जवळ येतात, मूठ नीट पकडता येत नाही. खिशात लपवून नेण्यासाठी ती बनवलेली असतात. तुम्हाला ते घरात ठेवायचं आहे, लपवायचं कुणापासून? मध्यम आकाराचं, ४ इंचाच्या आसपास नळीचं, १० ते १५ गोळ्यांचं मॅगझिन असलेलं ९ एमएम तुम्हाला सोपं जाईल. ९ एमएमच का, तर गोळ्या स्वस्त आणि सगळीकडे मिळणाऱ्या, धक्का सोसवेल असा. एफबीआयसुद्धा मध्ये .४० ही जरा जाड, जोरदार गोळी वापरून पुन्हा ९ एमएमवर आली.

तुमच्या पैशांत जी नावं बसतात त्यांत माझी पहिली पसंती रुगर सिक्युरिटी-९ला. साधारण तीनशे ते साडेतीनशे डॉलर, १५ गोळ्या, बाहेरून हाताने लावायचा सेफ्टीचा खटका, आणि स्लाइड ओढायला सोपी जाते असा माझ्या वर्गातल्या बऱ्याच स्त्रियांचा अनुभव आहे. तेही जड वाटलं तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघा. ज्यांच्या हातात जोर कमी, सांधे दुखतात अशांसाठीच ते काढलेलं आहे. स्लाइड अगदी हलकी, मुठीच्या मागे दाबली जाणारी वेगळी सेफ्टी. गोळ्या मात्र ८च, आणि चारशेची रेषा ते जरा ओलांडतं. ते जुनं मिळालं तर एक खबरदारी: २०२०च्या मार्च ते ऑक्टोबर या काळात बनलेली काही ९ एमएम ईझी हातोडीतल्या दोषामुळे कंपनीने परत मागवली होती. पिस्तुलावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की कळतं.

मैत्रिणीच्या टॉरसबद्दल. टॉरस ही ब्राझीलची कंपनी, तिचा अमेरिकेतला कारखाना जॉर्जियात आहे. जी३सी पैशाच्या मानाने चांगलं पिस्तूल आहे आणि मी ते वर्गात चालताना पाहिलं आहे. पण टॉरसची जुनी पीटी मालिकेतली काही पिस्तुलं खाली पडली तर सुटू शकतात अशी तक्रार होती आणि २०१५मध्ये कंपनीने त्या दाव्यात तडजोड केली. जी३सी त्यानंतरचं, ते त्या यादीत नाही. म्हणून सांगतो, टॉरस घ्यायचं तर कोरं घ्या. कुणी ‘पीटी-१११ दीडशेत देतो’ म्हणालं तर हात लावू नका. जी३सी आखूड आहे, मूठ तोकडी आहे, हा तुमच्यासाठी मला वाटणारा खरा तोटा. पालमेटो स्टेट आर्मरीचं डॅगरही तीनशेच्या आसपास मिळतं आणि ते ग्लॉकच्याच धर्तीवर बेतलेलं आहे, पण हाताच्या सेफ्टीशिवाय.

पोलिसांनी वापरून परत केलेली ग्लॉक तीनशे-साडेतीनशेत दिसतील. चांगला माल असतो, बाहेरून खरचटलेला, आतून कमी वापरलेला. बहुतेक .४०ची असतात आणि तो धक्का पहिल्या पिस्तुलाला नको. त्यांच्या रात्री चमकणाऱ्या नेमाच्या खुणाही विझत आलेल्या असतात, कारण आतल्या ट्रिटियमची चमक दर बारा वर्षांनी निम्मी होते. पार्किंगमध्ये ओळखीच्या ओळखीने विकत घेणं टेक्सासात चालतं, तरी तुम्ही परवानाधारक दुकानातूनच घ्या. चोरीचं हत्यार कपाळी यायला नको.

स्लाइड ओढता आली नाही म्हणून मन खट्टू करू नका. बहुतेकजण डाव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत ती धरून मागे खेचतात आणि दमतात. डाव्या हाताचा सगळा पंजा स्लाइडवर वरून घट्ट बसवा, पिस्तूल छातीजवळ आणा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, आणि मग डावा हात जागेवर धरून उजव्या हाताने मूठ जोरात पुढे ढकला. खेचण्यापेक्षा ढकलायला अंगात जोर जास्त असतो. दुकानात रिकामं असल्याची खात्री करून दुकानदारासमोर पाच-सहा वेळा करून बघा. चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग आरामात पोचतो का आणि पिस्तूल मनगटाच्या सरळ रेषेत बसतं का, हेही तिथेच कळेल. कुठल्याही समीक्षेपेक्षा ही पाच मिनिटं जास्त सांगून जातात. शक्य असेल तर भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंजवर जा आणि घ्यायचं तेच आधी झाडून बघा. प्लॅनोच्या आसपास अशा रेंज आहेत.

घरी आणल्यावर ते भरवशाचं आहे की नाही हे रेंजवर ठरवायचं. आधी पुसून, हलकं तेल देऊन घ्या. डब्यातून निघतं त्यावरचं वंगण गंज लागू नये म्हणून फासलेलं असतं. मग दोन-तीन वेळा मिळून दोनशे साध्या गोळ्या, आणि घरासाठी जी पोकळ टोकाची गोळी भरून ठेवणार असाल तिच्या किमान पन्नास. दोन्ही मॅगझिन वापरा आणि त्यांवर खुणा करा, म्हणजे अडकलं तर कोणत्या मॅगझिनने ते कळेल. पहिल्या पन्नासात एखाद्या वेळी अडकलं तर चालतं. शेवटच्या शंभरात अडकता कामा नये. अडकलंच आणि मॅगझिन व गोळ्या बदलूनही अडकत राहिलं, तर कंपनीकडे पाठवा. नव्यावर या कंपन्या दुरुस्ती करून देतात. रेंजवर कानाचं संरक्षण चांगलं घ्या, बंद खोलीत ९ एमएमचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. डोळ्यांना चष्मा हवाच. घरी आल्यावर आधी हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, कारण गोळ्यांतलं शिसं हाताला लागतं आणि तुमच्याकडे लहान मूल आहे. मॅगझिन भरताना शेवटच्या दोन गोळ्या बोटांना जड जातील. त्यासाठी वीस-तीस डॉलरचं प्लास्टिकचं साधन मिळतं, ते घ्याच.

हिशेब साधारण असा बसतो. पिस्तूल तीनशे, त्यावर सव्वाआठ टक्के कर धरून सव्वातीनशे. छोटी तिजोरी ऐंशी, नवशिक्यांचा वर्ग शंभर, अडीचशे गोळ्या सत्तर-ऐंशी, कान-डोळ्यांचं सामान तीसेक. सहाशेला जेमतेम ओलांडतं. कुठे काटछाट करायची वेळ आलीच तर ती पिस्तुलात करा, वर्गात आणि तिजोरीत करू नका.

तिजोरीविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे. कपाटातली वरची फळी, साड्यांची घडी, पलंगाखालची बॅग — मुलांना हे सगळं ठाऊक असतं. तेरा वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक लपवलेली गोष्ट माहीत असते. पलंगाजवळ भिंतीला किंवा लाकडाला बोल्टने पक्की केलेली, आकड्यांच्या बटणांनी उघडणारी छोटी पेटी घ्या. टेक्सासचा कायदा असा आहे की १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल सहज लागलं, तर ठेवणारा दोषी. दुकानातून पिस्तुलाबरोबर कुलूपही मिळतं, पण ते पेटीला पर्याय नाही. मुलांपासून विषय लपवू नका. एकदा त्यांना बसवून सांगा की घरात पिस्तूल आहे, कुठेही दिसलं, मित्राच्या घरी दिसलं तरी हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. ज्या मित्रांकडे मुलं खेळायला जातात त्यांच्या आई-वडिलांनाही विचारा, तुमच्याकडे बंदूक कुलपात असते ना? हा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. तो वाटू देऊ नका.

सासूबाई बी-२ व्हिसावर येतील, म्हणजे दिरांना लागू असलेली मनाई त्यांनाही लागू. पेटीचा आकडा त्यांना आणि दिरांना माहीत असता कामा नये. पाहुण्यांना रेंजवर नेऊन फोटो काढायची हौस आपल्याकडे फार आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाच्या हातात पिस्तूल देऊन तसा फोटो काढू नका.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला पाठवायची गरज नाही. घरात कुणाचं मन सध्या फार खचलेलं आहे का? नोकरीची चिंता, झोप नसणं, अबोला? तेरा वर्षांचं मूल गप्प झालंय का? २०२३मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली, त्यांतल्या जवळजवळ २७,३०० आत्महत्या होत्या. बाहेरच्या चोरापेक्षा घरातल्या दुःखी माणसाला पिस्तूल जास्त जवळ असतं. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘कदाचित’ असेल, तर खरेदी पुढे ढकला. चौकटीच्या स्क्रू आणि दिवा लावून घ्या, ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा, आणि आधी त्या माणसाकडे बघा. पिस्तूल सहा महिन्यांनीही मिळेल.

राहिली डिसेंबरची सांगली. रेंजसाठी एक वेगळी पिशवी ठेवा आणि ती कधीही प्रवासाला वापरू नका. बॅगेच्या अस्तरात, जॅकेटच्या खिशात विसरून राहिलेली एखादी गोळी मुंबई विमानतळावर क्ष-किरणात दिसली, की भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून नेली नव्हती म्हणून न्यायालयांनी असे काही गुन्हे पुढे रद्दही केले आहेत, पण तोवर पासपोर्ट, तारखा आणि वकील यांत माणूस पिळून निघतो. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा आणि जॅकेटचे खिसे उलटे करून झटका. तुम्ही नसताना घरात फक्त दीर असतील, तेव्हा पिस्तूल रिकामं करून पेटीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात, आणि पेटीचा आकडा जाण्याआधी बदलून फक्त तुम्हा दोघांच्या लक्षात ठेवा.